खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीकरिता पाणी-परीक्षेची पेटी कशी निवडावी

समुद्रातील शोभेचे मासे टाकीत वाढवून विकण्याचा जोडधंदा आमच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत करता येईल काय, अशी पृच्छा अलीकडे सभासदांपैकी कित्येकांनी केली आहे. ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठान व राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी क्लाउनफिश माशाचे बीजोत्पादन केंद्र उभारल्यापासून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या या माशाकडे पुष्कळांचे लक्ष वेधले आहे. मुंबईची बाजारपेठ जवळ, घरामागे पडवी रिकामी, तेव्हा विचार मनात येणे साहजिकच होय. धंदा किफायतशीर आहे की नाही याची चर्चा आम्ही येथे करीत नाही. परंतु टाकी, पंप व मासे यांवर सढळ हाताने खर्च करणारा मनुष्य पाणी तपासण्याच्या साधनाची वेळ आली की दुकानदार पुढे करील ती पेटी उचलतो आणि महिन्याभरात सर्व मासे गमावतो, असे घडत आहे. यास्तव या एकाच बाबीचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या प्रदेशाची अडचण लक्षात घ्यावी. आमच्याकडे गोड्या पाण्यास तोटा नाही. खोपोलीचे वीजगृह 1915 साली सुरू झाले, तेव्हापासून घाटावरून उतरणारे पाणी पाताळगंगेस मिळत आहे. भिवपुरीचे पाणी 1922 पासून उल्हास नदीस मिळते. समुद्राचे पाणी मात्र दूर. पाताळगंगा ज्या धरमतर खाडीस मिळते तेथील पाणी पावसाळ्यात इतके गोडावते की ते टाकीच्या उपयोगाचे राहत नाही, आणि इतर दिवसांतही त्यात गाळ असतो. तेव्हा आमच्या भागात बहुधा विहिरीच्या अथवा पावसाच्या पाण्यात तयार समुद्री मीठ मिसळूनच टाकी भरावी लागते. किनाऱ्यावरील मनुष्याचे काही काम समुद्र करतो. आपणांस तेही मोजून करावे लागते, म्हणून परीक्षेच्या साधनांची गरज आपणांस अधिक.

समुद्राच्या एक हजार भाग पाण्यात सुमारे 35 भाग क्षार असतात. हे मोजण्यास तीन साधने बाजारात मिळतात. प्लास्टिकच्या डबीत काटा हलणारा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण काट्यास हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो खोटे सांगतो. काचेचा तरंगता हायड्रोमीटर बरा, मात्र तो कोणत्या उष्णमानासाठी आखला आहे ते त्यावर पाहून घ्यावे. आमच्या मते रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. आंबा व ऊस यांतील साखरेचा अंश पाहण्याचा रिफ्रॅक्टोमीटर काही बागायतदारांकडे असतो, तो येथे चालणार नाही. त्याची पट्टी निराळी असते. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, मिठाचे म्हणून विकले जाणारे पुष्कळ रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. 35 भागांचे खरे समुद्रजल त्यांत 36.5 दिसते.

याची पारख घरी करता येते. शुद्ध मीठ 36.5 ग्रॅम घ्यावे आणि त्यात बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी मिळवून एकंदर वजन बरोबर एक किलो करावे. या द्रावणाचा एक थेंब काचेवर ठेवला असता समुद्रजलासाठी आखलेल्या साधनात 35 दिसावयास पाहिजे. न दिसल्यास त्यावरील स्क्रू फिरवून 35 वर आणावे. केवळ शुद्ध पाण्यावर शून्य लावून भागत नाही, कारण शून्यावर खरे असलेले साधन पस्तिशीवर चुकू शकते. ही बाटली घट्ट बूच लावून ठेवल्यास महिनोगणती उपयोगी पडते.

आता रंगाच्या परीक्षांकडे वळू. मासे जी विष्ठा टाकतात व जे खाद्य उरते त्यापासून अमोनिया होतो. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट. नव्या टाकीत हे जंतू नांदू लागण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि बहुतेक नुकसान याच काळात होते. म्हणून पेटीतील सर्वांत मोलाची परीक्षा अमोनियाची होय.

ती करण्याच्या दोन रीती आहेत. नेस्लर नावाच्या रीतीत पाणी पिवळे होते. तिच्या द्रवात पारा असतो, आणि खाऱ्या पाण्यातील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांमुळे नमुना गढूळ होऊन रंग कळेनासा होण्याचा संभव असतो. सॅलिसिलेट रीतीत पाणी हिरवे होते. ती खाऱ्या पाण्यास मानवते. पेटीवर रीतीचे नाव नसले तरी रंगाच्या तक्त्यावरून ओळखता येते. पिवळा तक्ता असलेली पेटी आम्ही घेऊ नये असेच सांगू, कारण परीक्षेनंतर तो पारा टाकणार कोठे? विहीर बहुधा पडवीपासून पन्नास पावलांवर असते.

अमोनियाचा आकडा सामूखेरीज निरर्थक आहे, हे आमच्या वाचकांनी विशेष ध्यानी धरावे. पेटी जो आकडा दाखविते तो एकूण अमोनियाचा. त्यातील माशांस खरोखर मारणारा भाग सामूप्रमाणे बदलतो. सामू 7 असता तो भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो; समुद्री टाकीच्या 8.2 सामूस व आमच्याकडील उष्णतेस तो सहा ते आठ टक्क्यांपर्यंत जातो. गोड्या शेततळ्यातील रोहू जो आकडा सहज सोसेल, त्याच आकड्यास खाऱ्या टाकीतील मासा तडफडू लागेल.

खालापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांची गोष्ट येथे सांगणे प्रस्तुत आहे. त्यांनी आणलेली पेटी गोड्या पाण्याची होती. तिचा सामूचा तक्ता 6.0 पासून 7.6 पर्यंतच होता. टाकीचा सामू 8.2 हवा असे त्यांना ठाऊक होते, आणि नळीत तर सदैव तक्त्याच्या शेवटच्या खणाचा निळा रंग येई. त्यावरून सामू 7.6 च आहे असे समजून सामू वाढविण्याची पूड ते रोज घालीत राहिले. प्रत्यक्षात सामू पूर्वीच पुरेसा होता. तो वाढत गेला, आणि टाकीत असलेला अमोनिया त्यामानाने अधिकाधिक विषारी झाला. तीन दिवसांत टाकी रिकामी झाली. त्या पेटीने खोटे काहीच सांगितले नव्हते. तक्त्याच्या पलीकडचे तिला सांगता येत नव्हते इतकेच. तेव्हा सामूचा तक्ता 7.4 पासून 8.8 पर्यंतचा, म्हणजे वरच्या पल्ल्याचा, पाहूनच घ्यावा. त्याचप्रमाणे गोड्या पाण्याच्या पेटीतील एकूण कठीणपणाची परीक्षा समुद्रजलास निरुपयोगी आहे. तिचे पैसे वाया जातात.

नायट्राइटची परीक्षा असावी, पण तिने घाबरून जाऊ नये. समुद्रजलातील क्लोराइडमुळे नायट्राइटचा जाच गोड्या पाण्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. तिचा खरा उपयोग टाकी कितपत मुरली हे कळण्यास होतो. नायट्रेटच्या परीक्षेत नायट्रेटचे प्रथम नायट्राइट करून मग ते मोजतात. म्हणून नायट्राइट शिल्लक असता नायट्रेटचा आकडा फुगलेला येतो. तिच्या बाटलीच्या तळाशी पूड बसते, ती मोकळी होईतो बाटली जोराने हलवावी. आळस केल्यास नायट्रेट कमी दिसते व मनुष्य निश्चिंत राहतो.

एककांकडेही लक्ष असावे. काही पेट्या नायट्रेट मोजतात, तर काही त्यातील केवळ नायट्रोजन. दुसऱ्या आकड्यास 4.43 ने गुणले म्हणजे पहिला येतो. एकर-गुंठे व हेक्टर-आर यांची गफलत होऊन केवढे तंटे उभे राहतात हे आम्ही महसुली दप्तरात आयुष्यभर पाहिले आहे. येथे तंट्याऐवजी मासे मरतात.

अल्कलिनिटी, म्हणजे सामू सांभाळून धरण्याची पाण्याची शक्ती, हिची परीक्षा थेंब मोजून करतात. रंग पालटेपर्यंत जितके थेंब पडले तितका आकडा. बाटली उभी धरावी, तिरपी धरल्यास थेंब लहानमोठे पडतात. समुद्रजलात ही शक्ती सुमारे सात ते आठ जर्मन अंश असते. या पेटीचीही पारख करता येते. खाण्याचा सोडा एक ग्रॅम सोनाराच्या काट्यावर तोलून चार लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावा; पेटीने सव्वाआठ अंशांच्या जवळपास दाखवावे. फार फरक आल्यास पेटी दुकानदारास परत करावी. प्रवाळ ठेवणार नसल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या पेट्या घेण्याचे कारण नाही.

विहिरीत टीसीएल पूड टाकलेली असल्यास मीठ मिसळण्यापूर्वी क्लोरीनची परीक्षा करावी. ग्रामपंचायतीकडील ओ.टी. परीक्षा त्यास पुरते.

कागदी पट्ट्यांविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. त्या कोरड्या प्रदेशात चालत असतील. आमच्याकडे जूनपासून डबीचे झाकण चार वेळा उघडले की पट्ट्यांस दमट हवा लागते व रंग भलतेच येतात. थेंबांच्या बाटल्या घ्याव्यात आणि त्यांवर मुदतीची तारीख छापलेली असल्याशिवाय घेऊ नयेत. अमेरिकेतील एपीआय कंपनीच्या खाऱ्या पाण्याच्या पेटीत वरच्या पल्ल्याचा सामू, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट या चार परीक्षा एकत्र मिळतात, आणि आरंभास तेवढ्या पुरेत. हॉलंडमधील सॅलिफर्ट प्रत्येक परीक्षा सुटी विकते. हाना कंपनीची लहान विद्युत्-यंत्रे रंगाचा आकडा स्वतः दाखवितात. ज्यांस तक्त्यावरील छटा ओळखणे जड जाते त्यांस ती सोयीची, पण त्यांचे रंगद्रव पुनःपुन्हा विकत घ्यावे लागतात, तो खर्च आधी विचारून घ्यावा. रंग पाहावयाचा तो दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर. टाकीवरील निळ्या दिव्याखाली कधीही नव्हे.

शेवटी जमिनीविषयी. पाचशे लिटरांच्या टाकीतून दर आठवड्यास पन्नास लिटर पाणी बदलले तर त्यासोबत पावणेदोन किलो मीठ बाहेर येते, महिन्यास सात किलो. हे पाणी परसात वा भाताच्या खाचरात सोडणे म्हणजे आपल्या हाताने खारजमीन तयार करणे होय. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रास ज्या रोगाशी झुंजावे लागते तो आपण घाटाखालच्या गोड्या मातीत आणू नये. दिवाळीपासून मेपर्यंत प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात ते आटवावे व मीठ पोत्यात भरावे. पावसाळ्यात ते पिंपात साठवावे. जमिनीच्या पाण्याची विद्युत्-वाहकता मोजण्याचे लहान यंत्र जवळ असल्यास खड्ड्याच्या खालच्या अंगास असलेल्या विहिरीचे पाणी महिन्यातून एकदा त्याने पाहावे, आणि पहिल्या दिवसाचा आकडा खड्डा खणण्यापूर्वीच लिहून ठेवावा.