शेपटाची पाळी

जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली. एरवी ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही ते रस्ते गुळगुळीत झाले, परदेशी स्वार सुसाट गेले आणि त्यांच्या मागोमाग टपावर जादा सायकली लादलेल्या गाड्या. आमचा क्लब हरखून गेला. पुढच्याच रविवारी बोपदेव घाटात माझं मागचं चाक बसलं. बावीस जणांतलं कुणी थांबलं नाही. मोबाइलवर निरोप आला, ‘काका, सासवडला भेटू.’

क्लबची सुरुवातीची वर्षं म्हणजे वर्गणी, बिल्ले आणि संक्रांतीचा तिळगूळ. खरा क्लब 1992 ते 2002. सायकलींचं शहर स्कूटरवाल्यांनी तोवर कधीच बळकावलं होतं. तरी पहाटे साडेपाचला स्वारगेटला बारा-पंधरा डोकी जमायची. गिअरची सायकल दोघांकडे, बाकी सगळ्या हर्क्युलस नाहीतर ॲटलास. कोंढवा मागे पडला की माळरान. बोपदेव चढून सासवडला मिसळ, मग दिवे घाट उतरून हडपसर. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ म्हणजे आमचा देव. त्याला बघायला आदल्या रात्रीच्या एसटीनं खंडाळा गाठायचो.

नियम एकच, शेपूट. दर रविवारी चिठ्ठी टाकून एकाला शेवटी ठेवायचं. पंप, पॅच, सोल्यूशन त्याच्यापाशी. त्यानं कुणाच्याही पुढे जायचं नाही. चिठ्ठ्या मात्र फक्त दमदार पोरांच्या नावाच्या. कारण शेपटालाच दम जास्त लागतो. थांबायचं, दुसऱ्याचं पंक्चर काढायचं, त्याला धीर देत पुन्हा घोळक्यात आणून सोडायचं.

1999 च्या सभेत एकानं ‘वेगवान गट’ वेगळा काढायचा ठराव आणला. हळू माणसांपायी सराव बुडतो म्हणे. नाव सांगत नाही, तो हे वाचणारच. ठराव दोन मतांनी मंजूर झाला. त्यात एक हात माझा होता. बत्तीस वर्षांचा होतो, बोपदेव एका दमात चढत होतो.

दमदार पोरं पुढे निघून गेली आणि चिठ्ठ्यांत नावंच उरली नाहीत. मागं राहिलेले टेंपोत सायकल टाकून घरी गेले, ते पुन्हा आले नाहीत. पुढचं काय सांगायचं? कोंढव्याचे टॉवर, डंपर, टाळेबंदीत घेतलेल्या आणि आता गॅलरीत कपडे वाळत घालायला कामी येणाऱ्या महागड्या सायकली. वाहतुकीनं क्लब मारला, असं सभेत अजून सांगतात. मीही मान डोलावतो.

त्या रविवारी पंक्चर मीच काढलं. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, पाऊण तास गेला. सासवडला पोचलो तर सगळे परतलेले. घरी येऊन अ‍ॅप उघडलं. चाकं थांबली की त्याचं घड्याळही थांबतं. त्याच्या हिशेबात मी घाटात कुठेच थांबलो नव्हतो.