यकृतातला दाह शमवला तर?

   

यकृताचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, फॅटी लिव्हर यांपैकी काहीतरी तिथे वर्षानुवर्षं दाह चालू ठेवतं. पेशी मरतात, नव्या पेशी घाईने वाढतात, व्रण साचून सिऱ्होसिस होतो. या धावपळीत जनुकांमध्ये चुका साठत जातात.

मग दाह कमी केला तर? स्वीडनमध्ये हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या ५० हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२० च्या त्या अभ्यासात दहा वर्षांत यकृताचा कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी मात्रेचं ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ४ टक्के, तर न घेणाऱ्यांत ८.३ टक्के आढळलं. २०२४ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या ८० रुग्णांवर चाचणी झाली. सहा महिने रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या यकृतातली चरबी घटली.

झालेल्या कॅन्सरवरही असाच विचार चालू आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये श्वसनाच्या आजारांसाठी तयार झालेलं एक दाहशामक औषध इम्युनोथेरपीबरोबर उंदरांना दिलं. एरवी गाठीला साथ देणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गाठीवरच उलटल्या.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि नोंदींतला संबंध म्हणजे पुरावा नव्हे. सिऱ्होसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असू शकतात. अशा वेळी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेतलं तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी कोणतीही गोळी सुरू करू नका.

ज्याचा उपयोग सिद्ध झालाय ते मात्र आजच हाताशी आहे. हिपॅटायटिस बीची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि तिचा पहिला डोस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. बाळंतपण कुठेही होवो, घरच्यांनी तो डोस मागून घ्यावा.