सेल्फ गेला म्हणण्याआधी

चावी फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं ‘कट-कट-कट’ ऐकू आलं, की भोवती जमलेल्यांपैकी एक तरी जण निकाल देऊन मोकळा होतो: सेल्फ गेला. अशी भराभर कट-कट बहुतेक वेळा बॅटरीची तक्रार असते. सेल्फवरचा सोलेनॉइड आत ओढला जातो, मोटरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं आणि तो पुन्हा ओढला जातो. सेल्फ बिचारा धडपडत असतो, त्याला करंटच पुरत नाही.

खात्री करणं अवघड नाही. हेडलाइट लावून चावी मारा. दिवे विझल्यागत मंद झाले तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहा. पांढरी-हिरवट बुरशी साचली असेल तर ते घासून घट्ट करा. दिवे लख्ख राहिले आणि एकच ‘टक’ होऊन पुढे काही नाही, तर मात्र संशय सेल्फवर. मीटर असेल तर आणखी बरं: चांगली चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि चावी मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये.

आता आयुष्याचा प्रश्न. ‘दीड-दोन लाख किलोमीटर जातो’ हा गॅरेजातला आकडा अंदाज म्हणून ठीक आहे. पण सेल्फला किलोमीटर कळत नाहीत. इंजिन चालू झालं की त्याचं पिनियन फ्लायव्हीलच्या दातांतून मागे सरकतं आणि पुढच्या स्टार्टपर्यंत तो निवांत. बीडहून सोलापूरला न थांबता गेलेल्या गाडीच्या सेल्फने सगळ्या रस्त्यात काम केलं एकदाच, तेही सेकंद-दोन सेकंद. मोजायचे ते स्टार्ट. साधा सेल्फ ढोबळमानाने ३० ते ५० हजार स्टार्ट काढतो. घरची गाडी दिवसाला ५ वेळा चालू होत असेल तर वर्षाला १,८२५ होतात. ३० हजार गाठायला सोळा वर्षं. तीच गाडी काळी-पिवळी असेल, दर फाट्यावर थांबत, बंद करत दिवसाला ३० स्टार्ट घेत असेल, तर तोच आकडा तीन वर्षांत संपतो. दोन्ही गाड्यांचे मालक एकाच मिस्त्रीकडे बसून ‘सेल्फ किती वर्षं टिकतो’ यावर वाद घालू शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात. (सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांना मुळातच दणकट सेल्फ असतो. त्यांची काळजी नको.)

सेल्फला खरोखर मारतं ते लांबलेलं चावी मारणं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आणणारे चार्ल्स केटरिंग त्याआधी गल्ल्याच्या यंत्रांसाठी मोटर बनवत. तिथेच त्यांना उमगलं होतं, की क्षणभरच चालायची असेल तर छोट्या मोटरीकडून तिच्या कुवतीबाहेरचं काम घेता येतं. आजचा सेल्फही त्याच बोलीवर चालतो. लहान पेट्रोल गाडीतसुद्धा तो शंभरावर अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून कितीतरी जास्त. दहा सेकंदांपुढे चावी धरून ठेवली की आर्मेचर तापतं, वाइंडिंगचं इन्सुलेशन करपतं. म्हणून दहा सेकंदांच्या आत सोडायचं, अर्धं मिनिट थांबायचं, मग पुन्हा. डिझेल संपून लाइनीत हवा धरलेला ट्रॅक्टर सेल्फच्या जोरावर चालू करायचा हट्ट म्हणजे चांगल्या सेल्फची होळी. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गव्हाणीकडे सरकणाऱ्या रांगेत काही ट्रॅक्टर तासन्‌तास बंदच होत नाहीत. सेल्फचा भरवसा उरलेला नसतो आणि डिझेल जळत राहतं.

‘बॅटरी-सेल्फचा त्रास थंडीचाच’ हे बीडसारख्या तापणाऱ्या भागात अर्धंच खरं. मे महिन्यात पारा चाळीशीपार जातो तेव्हा बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा गंजतात. डिसेंबरच्या पहाटे इंजिन ऑइल घट्ट झाल्यावर तीच थकलेली बॅटरी हात वर करते. दोष थंडीला, घाव उन्हाळ्याचा.

हातोडीचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. दोन ठोके दिले की सेल्फ फिरतो, कारण झिजलेला कार्बन क्षणभर कम्युटेटरला टेकतो किंवा अडकलेला सोलेनॉइड सुटतो. म्हणजे गाडी गॅरेजपर्यंत न्यायची मुदत मिळाली, एवढंच. आजच्या बऱ्याच सेल्फमध्ये कॉइलऐवजी कायमचे चुंबक असतात. जोराचा ठोका बसला तर तेच तडकतात. बेंडिक्सला, म्हणजे पिनियन पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाला, भरपूर ग्रीस चोपडणं हाही उलटा उपाय: काळ्या मातीची बारीक धूळ त्यात कालवली जाते आणि पिनियन अडकू लागतं.

सेल्फ बिघडला म्हणजे नवाच घ्यावा लागतो, असंही नाही. बहुतेकदा कार्बन, बुश, सोलेनॉइड किंवा बेंडिक्स यांपैकी एखादाच भाग संपलेला असतो, आणि ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढाच बदलून देतो. आर्मेचर जळालं असेल तर मात्र हिशेब करावा. मोटर नुसतीच गरगर फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स पाहायला सांगा. करकर आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दातही तपासून घ्या. ते झिजलेले असताना नवं बेंडिक्स बसवलं तर तेही लवकरच खराब होतं, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम सेल्फपेक्षा महाग पडतं.