पावसाच्या मुलखातला कोरडेपणा

मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळी खिंड ओलांडून कोलाडकडे निघालं की वाटेत खांब लागतं. रोहा तालुक्याचा हा पट्टा वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलतो. इथे कोरडेपणा मोजायचा म्हटलं तर कुणालाही नवल वाटेल. पण याच मुलखात, पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिऱ्याला मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं.

कोरडेपणा ठरवताना नुसता पाऊस पाहून भागत नाही, हवा किती पाणी मागते तेही पाहावं लागतं. पाण्याची ददात नसेल तर जमीन आणि पिकं मिळून जेवढं पाणी हवेत सोडतील, ती ही मागणी. थॉर्नथ्वेट आणि पेनमन या दोघांनी १९४८ साली ती मोजण्याच्या वेगवेगळ्या रीती मांडल्या. पावसाला या मागणीने भागलं की शुष्कता निर्देशांक मिळतो. तो ०.६५ च्या खाली गेला की प्रदेश कोरडा, ०.०५ च्याही खाली गेला की अतिशुष्क. खांबची वर्षाची मागणी ढोबळमानाने दीड हजार मिलिमीटर धरली तर उत्तर दोनच्या घरात येतं, म्हणजे भरपूर ओला प्रदेश. पण डिसेंबर ते एप्रिल एवढ्याच महिन्यांचा हिशेब करा. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे हेच गाव वाळवंटाच्या रांगेत जाऊन बसतं!

आणि तरीही त्या दिवसांत भात कापलेल्या खाचरांत वाल हिरवागार उभा असतो. पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर जाणाऱ्या शेंगा पोसल्या जातात त्या मातीत मुरलेल्या ओलीवर. पाऊस थांबल्यावर जादा पाणी निचरून जातं, उरलेलं माती धरून ठेवते. त्यातलंही काही मातीच्या कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुळांना ते ओढता येत नाही. या दोन टोकांमधलं पाणी तेवढं पिकाचं. मातीतली ओल मोजायची जुनी, खात्रीची रीत साधी आहे : मातीचा नमुना ओला असताना तोलायचा, १०५ अंशांवर चोवीस तास वाळवायचा, पुन्हा तोलायचा. वजनातली तूट म्हणजे ओल. चांगल्या, खोल मातीच्या मीटरभर थरात पिकाला मिळण्याजोगं दीडशे मिलिमीटर पाणी असू शकतं. म्हणजे एका गुंठ्यात सुमारे पंधरा हजार लिटर! शेजारच्या उथळ, मुरमाड वरकस जमिनीवर पाऊस तेवढाच पडतो, पण तिथे याचा थोडाच भाग टिकतो.

याच भागातल्या डोलवहाळच्या कालव्याखालच्या शेतांची गोष्ट वेगळी. तिथे मुळशी धरणातलं, भिऱ्याच्या वीजकेंद्रातून उतरलेलं पाणी पोचतं आणि उन्हाळी भातही होतो. पावसाच्या आकड्यात ते पाणी कुठेच दिसत नाही.

हवामान बदलाने हा हिशेब अवघड केला आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून तिची मागणी वाढते. उलट हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पुष्कळ वनस्पती पानांवरची रंध्रं आखडून घेतात आणि पाणी जपून वापरतात. त्यामुळे नुसत्या निर्देशांकावरून काढलेलं भविष्य कधी कधी जमिनीतल्या प्रत्यक्ष ओलीपेक्षा जास्त कोरडं दिसतं. नासाचा २०१५ साली सोडलेला स्मॅप उपग्रह ओल मोजतो खरा, पण त्याला थेट दिसतो तो वरचा पाचेक सेंटिमीटरचा थर. वालाची मुळं त्याच्या कितीतरी खाली असतात.

माझ्या मते खांबसारख्या गावासाठी वर्षाच्या एकूण पावसापेक्षा दोन गोष्टी मोलाच्या आहेत : परतीचा पाऊस कधी थांबला आणि त्या दिवशी जमिनीत किती ओल होती. जुलैत माती तुडुंब असताना पडलेली जादा सर कुंडलिका नदीला मिळून निघून जाते, वालाला तिचा उपयोग नाही.

पर्जन्यमापकाचे आकडे आपण गावोगाव वाचतो, तसा ओलीचा आकडाही नोंदवायला हवा. शाळेची प्रयोगशाळा, एक तराजू आणि एक भट्टी एवढ्यावर हे काम सुरू होतं. रोहा-पेणच्या शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनी येत्या कापणीपासून, फूटभर आणि दोन फूट खोलीवरची माती घेऊन, दर पंधरवड्याला ही नोंद ठेवायला सुरुवात करावी.