उधारीच्या मालाची मुदत

द्राक्षांचा हंगाम सरला म्हणजे नाशिक व सांगलीकडील पुष्कळ बागाइतदारांच्या घरीं निराळाच हिशेब सुरू होतो. माल उचलला गेलेला असतो, थोडी रक्कम हातीं आलेली असते, आणि बाकीची ‘माल खपल्यावर’ म्हणून राहिलेली असते. पुढें व्यापारी भेटेनासा होतो. शेतकरी ऋणको व सावकार धनको ही जोडी आपल्या ओळखीची. १८७५ सालीं सुपें येथें कर्जरोख्यांची होळी झाली ती त्यांतूनच. येथें शेतकरीच धनको असतो. पण धनकोस लागणारी कागदाची संवय त्याच्या अंगीं नसते, हें आमच्या मतें या दुखण्याचें मूळ आहे.

बाजार समितीच्या आवारांत विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशीं चुकते व्हावे असा नियम आहे, व न झाल्यास समितीकडे दाद मागतां येते. बांधावरच्या सौद्यास मात्र कागदाखेरीज आधार थोडाच. त्यांतहि मुदत महत्त्वाची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो; उधारीचा काळ ठरला नसेल तर माल ताब्यांत दिल्यापासून, ठरला असेल तर तो संपल्यापासून. ‘दिवाळीनंतर देतों’ अशीं तोंडी आश्वासनें कितीहि मिळालीं तरी ही मुदत वाढत नाहीं. ती संपण्यापूर्वीं ऋणकोनें देणें लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून नवीं तीन वर्षें मिळतात. अंशतः फेड झाली व तिची नोंद त्याच्या हातची किंवा सहीची असली, तरी तसेंच. म्हणून दहा हजार रुपये हातीं पडतांना घेतलेली सही पुष्कळदां त्या दहा हजारांहून मोलाची ठरते. सही मागितल्यास व्यापारी रुसेल, अशी भीति आमच्या कानीं नेहमीं येते. रुसणारा बहुधा बुडविणाराच निघावयाचा. मुदत टळल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाहीं; फेडीचें लेखी व सहीचें वचनच लागतें, आणि तें मिळविणें सोपें नव्हे.

चेक न वटतां परत आल्यास याहून घाई करावी. बँकेकडून तसें कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी, ती रजिस्टर टपालानें धाडून पावती जपावी. नोटीस पोंचल्यावर १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यांत फौजदारी न्यायालयांत फिर्याद करावी लागते. परत आलेला चेक पेटींत ठेवून वाट पाहणाऱ्याचे हे दिवस निघून जातात, व मग दिवाणी दाव्याचाच लांबचा रस्ता उरतो.