मोर्चाआधीचे बोलणे

अलिबाग–रेवदंडा रस्त्यावरील नागाव आज नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी पर्यटकांना परिचित असले, तरी ज्या अलिबाग तालुक्यात ते वसले आहे त्याच तालुक्यातील चरी येथे 1933 साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप 1939 पर्यंत टिकून राहिला, ही गोष्ट किनाऱ्यावर येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. अन्यायाविरुद्ध शांततेने उभे राहणे म्हणजे काय, हे मुलांना सांगू पाहणाऱ्या इथल्या पालकांना व शिक्षकांना त्यामुळे दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

हा संप कुळांनी खोतांविरुद्ध केला होता. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा शेतकरी. पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई आणि ‘कबुलायत’ नावाच्या एकतर्फी करारावर कुळाचा अंगठा घेतला जाई. निरक्षर माणसाला त्यातील अटी वाचताही येत नसत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 25 गावांतील कुळांनी जमीन कसायचीच नाही असा निश्चय केला आणि मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून ती माणसे वर्षानुवर्षे तगून राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुळांची बाजू घेतली आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढाऱ्यांची नावे पुस्तकांत राहिली; परंतु ज्या घरात भात आला नाही त्या घरातील मुलांनाही तो संप सोसावा लागलाच. म्हणूनच मुलांना सामाजिक संघर्षापासून दूर ठेवावे की नाही, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. ज्यांच्या वाट्याला अन्याय येतो त्यांची मुले त्या संघर्षात जन्मापासून असतात. आपल्या घरावर काय ओढवले आहे आणि का, हे त्यांना कोणी समजावून सांगते की नाही, एवढाच खरा प्रश्न उरतो.

परिस्थिती समजलेल्या मुलाचे सामर्थ्य किती असते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत लखलखीत पुरावा चरीच्याही पुष्कळ आधीचा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील 14 वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात 1855 च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांत छापला गेला. पेशवाईत अस्पृश्यांवर झालेले अत्याचार तिने त्यात सांगितले, वेदांवर एकाच जातीचा अधिकार असेल तर आपल्या लोकांचा धर्मग्रंथ कोणता असा थेट सवाल केला आणि अखेरीस आपल्याच जातबांधवांना शिकण्याची विनवणी केली. मुक्ताच्या हाती कोणी घोषणेचा फलक दिला नव्हता. तिला अक्षरे दिली गेली, घरात आणि वस्तीत जे दिसत होते त्याविषयी बोलण्याची मुभा दिली गेली आणि तिने काढलेला निष्कर्ष मोठ्यांनी कातरला नाही. मुलांचा सहभाग या शब्दाला याहून चांगला अर्थ क्वचितच सापडेल.

बोलण्याकडून रस्त्याकडे वळताच मात्र जबाबदारीचे स्वरूप पालटते. नंदुरबार येथे 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि 15 वर्षांच्या शिरीषकुमार मेहतासह पाच कोवळे जीव गेले. त्यांच्या धैर्याला वंदन करताना, मुले गोळीच्या टप्प्यात यावीत ही कोणत्याही चळवळीची अपेक्षा असता कामा नये, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात 1963 च्या मे महिन्यात वर्णभेदाविरुद्ध शाळकरी मुलांचे मोर्चे निघाले, तेव्हा त्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्याही मनात प्रथम चलबिचल होती. मारले तरी उलट हात उचलायचा नाही, याचे शिक्षण त्या मुलांना चर्चमधून आधी दिले गेले होते. तरीही पाण्याचे जोरदार फवारे आणि पोलिसांची कुत्री त्यांच्यावर सोडली गेली व शेकडो मुले तुरुंगात गेली. त्या छायाचित्रांनी अमेरिकेचे मन हलवले हे खरे, पण मुलांचा छळ पाहिल्याशिवाय ज्या समाजाला जाग येत नाही त्या समाजातील मोठ्यांचा तो पराभवच होता.

मुलांचा सहभाग आणि त्यांची सुरक्षितता या दोन्ही बाजू कायद्याने ओळखल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता, म्हणजे 18 वर्षांखालील प्रत्येकाचे हक्क सांगणारा आणि भारताने 1992 साली स्वीकारलेला आंतरराष्ट्रीय करार, मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि शांततेने एकत्र येण्याचा हक्क देते. त्याचबरोबर मुलाचे हित प्राधान्याने पाहावे असेही बजावते. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या दिल्लीतील शाहीन बाग आंदोलनात आईवडिलांबरोबर असलेल्या चार महिन्यांच्या बाळाचा मृत्यू झाल्यानंतर, मुंबईतील 12 वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये या विषयात सरकारला नोटीस काढली. तान्हे बाळ आपणहून आंदोलनात जात नाही, त्याला नेले जाते; आणि हा विषय न्यायालयापुढे नेणारे पत्र एका मुलीनेच लिहिले होते, म्हणजे मत मांडण्याचा हक्क वापरूनच संरक्षणाची मागणी झाली.

यातून व्यवहाराच्या काही गोष्टी निघतात. मोर्चा कशासाठी आहे हे जे मूल स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नाही, त्याच्या हाती फलक देणे म्हणजे त्याचा फलक करणे होय. ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नसेल तर त्याच्या ‘हो’लाही किंमत नाही. मुलांना पहिल्या रांगेत उभे करू नये, त्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय पसरवू नयेत, खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि वातावरण तापू लागल्यास कोणत्या वाटेने व कोणाबरोबर बाहेर पडायचे हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. घरी परतल्यावर काय पाहिले, कशाची भीती वाटली, विरुद्ध बाजूच्या माणसाचे म्हणणे काय होते, हे विचारले गेले नाही तर मुलाकडे केवळ गोंगाटाची आठवण उरते.

नागावसारख्या गावात या संवादाची सुरुवात मोर्चापासून होण्याची गरजही नाही. ती घरातल्या सातबाऱ्यापासून होऊ शकते. सातबारा म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे, कोण कसते व तिच्यावर कोणाचे हक्क आहेत हे सांगणारा महसुली उतारा. 1948 च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या सुधारणेने 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, काही अटींवर, तिचे मालक मानले गेले. त्यानंतर कायद्याच्या कलम 32-ग प्रमाणे किंमत ठरून कुळांची नावे मालक म्हणून चढली. जुन्या फेरफार नोंदी, म्हणजे उताऱ्यावरील नावे कशी बदलत गेली याची नोंद, आठवी-नववीच्या मुलांपुढे ठेवली आणि पणजोबांचे नाव आधी कुळाच्या रकान्यात व नंतर मालकाच्या जागी कसे आले हे बोट ठेवून दाखवले, तर चरीचा संप त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो.

त्यानंतर मुले पुढचा प्रश्न विचारणारच, आणि तो मोठ्यांना अवघड वाटेल. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी आदिवासी कुटुंबांच्या राहत्या घराखालची जागाही त्यांच्या नावावर नाही. दिवाळी सरली की त्यांतील कित्येक जण वीटभट्ट्यांवर जातात, मुले बरोबर जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते. शेजारच्या बाकावरचा मुलगा कुठे गेला आणि त्याच्या घरच्यांचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर का नाही, असे कोणी वर्गात विचारले तर शिक्षकांनी विषय बदलू नये. 2006 चा वनहक्क कायदा काय सांगतो, आदिवासींची जमीन हस्तांतरित करण्यावर कायद्याने कोणते निर्बंध घातले आहेत, ग्रामसभेला कोणते अधिकार आहेत, हे मुलांबरोबर बसून शोधावे, आणि त्या शोधाअंती मुलांनी ग्रामपंचायतीला निवेदन द्यायचे ठरवले तर त्याचा मजकूर मुलांनाच लिहू द्यावा.