झाडावरील बाशिंग : परसबागेत लावण्याची रीत

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. गावाच्या पश्चिमेस कडा तुटतो व घाटाची पायवाट ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात उतरते. पावसाळ्यात येथे दिवसचे दिवस धुके व पाऊस असतो. अशा हवेत केवळ जमीनच नव्हे, तर झाडाची सालही पिकते. खोडाखांद्यांवर शेवाळ, आमरी आणि नेचे यांची दाटी होते. यांपैकी ‘बाशिंग’ हा नेचा परसबागेत लावण्यास सर्वांत सोपा होय. शास्त्रीय भाषेत यास ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया म्हणतात.

बाशिंग व बांडगूळ यांतील भेद

बाशिंगाचा पुष्कळ नाश गैरसमजामुळे होतो. आंब्यावर वा बांधावरील हिरड्यावर ते दिसले की बांडगूळ समजून कोयत्याने खरवडले जाते. वस्तुतः या दोहोंत मोठे अंतर आहे. बांडगुळाची मुळे सालीतून आत लाकडात शिरतात व झाडाचा रस शोषतात. ते जेथे चिकटते तेथे फांदी सुजते व पुढे तिचा शेंडा वाळू लागतो. त्यास फुले व चिकट फळे येतात आणि पक्षी त्याचे बी पसरवितात. बांडगूळ फळे पिकण्यापूर्वीच, गाठीच्या खालून फांदीसह कापावे, हेच योग्य.

बाशिंगाची मुळे मात्र सालीस वरवर धरून राहतात. झाडापासून त्यास आधार तेवढा हवा असतो. अन्न ते स्वतः तयार करते. त्यास फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर ओळीने दिसणारे तपकिरी ठिपके हा रोग नसून त्या नेच्याच्या बीजाणूंचे पुंजके होत. ते पाहून औषध फवारण्याचे कारण नाही. फांदी वाळकी असून तिच्यावर बाशिंगाचा भार फार झाला असेल, तर मात्र ती मोडून पडण्याचा संभव असतो. अशी फांदी वेळीच उतरवावी.

दोन प्रकारची पाने

बाशिंगास दोन प्रकारची पाने येतात. पहिली आखूड, बिनदेठाची व खोडास बिलगलेली असतात. ती लवकरच तपकिरी व कागदासारखी होतात, पण गळत नाहीत. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा व धूळ साठून कुजते आणि त्यावर नेच्याचे पोषण होते. ही पाने म्हणजे त्याचे घरचे खतखाडेच होय. दुसरी पाने लांब, हिरवी व खोल कातरलेली असतात. ती कोरड्या ऋतूत झडतात व पावसाबरोबर पुन्हा फुटतात. तेव्हा उन्हाळ्यात रोप मेले असे समजून टाकून देऊ नये, आणि तपकिरी पाने वाळली म्हणून कधीही तोडू नयेत.

रोप कोठून घ्यावे

आहुपे येथे भैरवनाथाची देवराई आहे. महादेव कोळी समाजाने पिढ्यान् पिढ्या अशा राया राखल्या. सह्याद्रीतील देवरायांचे महत्त्व डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७६ साली शास्त्रीय लेखाद्वारे जगापुढे मांडले. राईतून काडीही न नेण्याचा जुना दंडक बाशिंगासही लागू आहे. शिवाय भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले असून, अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढून नेण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. जुन्या झाडावरील एक मोठा जुंबाडा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. तो ओरबाडण्यास काही क्षण पुरतात.

म्हणून रोप आपल्याच मालकीच्या झाडावरून, वादळात पडलेल्या आपल्या शेतातील फांदीवरून, शेजाऱ्याच्या परसातील वाढलेल्या रोपातून अथवा रोपवाटिकेतून घ्यावे. एका जोमदार रोपाचे तुकडे करून गावातल्या अनेक घरांची गरज भागते.

फळीवर बसविण्याची रीत

१. पाऊस स्थिर झाल्यावर, जून अखेर ते जुलैत हे काम करावे.

२. मांसल, लवयुक्त खोडाचा सुमारे वीतभर तुकडा धारदार सुरीने कापावा. त्यास एक वाढता शेंडा व शक्य तर एकदोन पाने असावीत.

३. सालीसकट लाकडाचा टिकाऊ ओंडका किंवा जाड फळी घ्यावी. रंग वा डांबर लावलेली फळी घेऊ नये.

४. फळीवर नारळाच्या काथ्याचा तीनचार सेंटीमीटर जाडीचा थर द्यावा व त्यात थोडा कुजलेला पाला मिसळावा. माती घालू नये. ती पाणी धरून ठेवते व खोड कुजते.

५. तुकडा मुळांची बाजू आत करून थरावर ठेवावा व सुंभाने घट्ट बांधावा. शेंडा उघडा राहिला पाहिजे. तारेने बांधल्यास खोडास काच पडतो.

६. फळी उभी टांगावी, म्हणजे जादा पाणी निथळून जाईल. पूर्वेचे कोवळे ऊन व दुपारची सावली उत्तम.

परसात खरबरीत सालीचा आंबा असेल तर फळीचीही गरज नाही. खोडाच्या बेचक्यात हीच रीत करावी. मुळांनी साल धरली की सुंभ कुजून गेला तरी चालतो.

पाणी, खत व निगा

पावसाळ्यात पाणी देण्याचे कारण नाही. हिवाळ्यात काथ्या कोरडा लागेल तेव्हा फळी दहापंधरा मिनिटे बादलीत बुडवून निथळू द्यावी. उन्हाळ्यात पाने झडल्यावर पाणी कमी करावे व केवळ अधूनमधून शिंपडावे. या दिवसांत अतिपाण्यानेच रोपे दगावतात. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा कुजलेल्या शेणखताचे गाळलेले, पातळ पाणी द्यावे आणि तपकिरी पानांच्या ओंजळीत मूठभर सुका पाला टाकावा. गोगलगाई रात्री हाताने वेचाव्यात. खवले कीड दिसल्यास ओल्या कापडाने पुसून काढावी.

शहरांत मिळणारा सांबरशिंगासारख्या पानांचा प्लॅटिसेरियम नेचाही याच रीतीने फळीवर वाढतो. त्याचीही तळची ढालीसारखी पाने वाळली तरी काढावयाची नसतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यात शाळेत बांडगुळाची एक फांदी व बाशिंगाची एक फळी शेजारी शेजारी मांडून दाखवावी. मुळे कोठवर गेली आहेत हे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे कोयता कोणावर चालवावा व कोणास जगू द्यावे हे मुलांना कळेल, आणि त्यांच्या घरच्यांनाही.